पाऊण चमचा

तिने कॉफीचा चमचा सुरीच्या पाठीने सपाट केला, वरची चिमूटभर पूड डब्यात परत झटकली आणि दुधाचा कप पुढे ओढला. पाऊण चमचा. गेल्या आठवड्यापर्यंत अर्धाच होता. पूड दुधात पडताच तिने भराभर ढवळलं, कारण शाळेची बस यायला अकरा मिनिटं उरली होती आणि अकरा मिनिटं या घरात कधीच पुरत नसत.

"भिंगरी, आधी खाली बस."

भिंगरी खाली बसलेलीच होती, पण टेबलाखाली. एक बूट पायात, दुसरा हातात, आणि त्या दुसऱ्याची नाडी तिने टेबलाच्या पायाला गुंडाळून घट्ट गाठ मारली होती. दप्तर उघडं. पाण्याची बाटली कालची, शाळेतच राहिलेली. एक वेणी झाली होती, दुसरी घालायच्या आत ती हातातून निसटली होती.

"मी बसलेच आहे."

"खुर्चीवर."

"खुर्चीवर बसलं की पाय लोंबतात. लोंबले की हलतात. हलले की तू ओरडतेस. म्हणून खाली बसले."

आठ वर्षांच्या मुलीशी वाद घालून हरायची आईला आता सवय झाली होती. ती गुडघ्यांवर बसली, नाडीची गाठ सोडवली, बूट चढवला, आणि कप भिंगरीच्या हातात दिला. दुसरी वेणी घालायला हात रिकामे झाले.

"एका दमात."

"आज कडू आहे."

"साखर घातलीय की."

"शुक्रवारपेक्षा कडू आहे," भिंगरी म्हणाली, पण प्यायली. पिताना तिची टाच फरशीवर टकटक वाजत राहिली. कप संपल्यावर तिने ओठ बाहीला पुसले आणि आई विचारायच्या आत स्वतःच म्हणाली, "बाबांना सांगायचं नाही."

"शहाणी माझी ती."

बसचा हॉर्न वाजला. भिंगरी दाराबाहेर गेली, परत आली, दप्तर घेऊन गेली, पुन्हा परत आली, आईच्या पोटावर डोकं आपटून गेली. जिन्यात तिची पावलं तीन मजले धडधडत उतरली. खालच्या मजल्यावरच्या आजोबांचं दार उघडून बंद झाल्याचा आवाज आला. ते बोलत काही नसत, पण दार मात्र रोज आपटत.

आईने कप धुतला, पुसला आणि जागेवर ठेवला. मग खिळ्याला टांगलेली वही काढली.

वही बाबांची कल्पना. ते शहराची बस चालवत, पहिली पाळी, पहाटे पावणेपाचला बाहेर. तिची दुपारपाळी, चष्म्याच्या काचांच्या कारखान्यात, दोन ते दहा. भिंगरीला सकाळी उठवून शाळेत धाडायची ती, दुपारी शाळेतून आणायचे ते. ती परत यायची तेव्हा ते घोरत असायचे आणि ते निघायचे तेव्हा ती. डेपोत रिवाजच होता की गाडी दुसऱ्याच्या हाती देताना आज तिने काय त्रास दिला ते वहीत लिहून ठेवायचं. ब्रेक डावीकडे ओढतोय. तिसरा गिअर अडतो. पुढच्या माणसाची फसगत होऊ नये एवढाच हेतू. लग्नानंतर घरातली वही गॅस आणि गिरणीपुरती होती, पण भिंगरी चालायला लागल्यापासून सगळी पानं तिचीच झाली. एकदा बाबांनी लिहिलं होतं, 'आज ब्रेक अजिबात लागत नाहीत. हॉर्न मात्र उत्तम.' ते पान वाचून ती एकटीच स्वयंपाकघरात हसली होती. तेव्हा हसू यायचं.

भिंगरी वर्गात एका जागी बसत नाही म्हणून शाळेने तिला डॉक्टरांना दाखवायला सांगितलं होतं. अडीच आठवड्यांपूर्वी डॉक्टरबाईंनी ती वही पाहिली आणि हरखून म्हणाल्या, "हेच तर हवंय मला. तीन आठवडे असंच लिहा. झोप, भूक, चिडचिड, अभ्यास, सगळं. पण या तीन आठवड्यांत नवीन काही करायचं नाही. पथ्य नको, चूर्ण नको, शेजारणीचा उपाय नको. मग गोळी द्यायची की नाही, आणि किती, ते ठरवू."

बाबांनी मान हलवली. तिनेही हलवली. परतीच्या वाटेवर दोघं गोळीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. ती घाबरली होती, स्पष्ट सांगायचं तर पार हादरली होती. गोळी घेऊन शांत बसलेली भिंगरी कशी दिसेल हे तिला डोळ्यांसमोर आणताच येईना. आणि गोळी न घेता शाळेच्या बाई तिला वर्गात किती दिवस ठेवून घेतील, हेही.

कारखान्यात शेजारच्या टेबलावर बसणारी तपासनीस बडबडी होती, पण मनाची चांगली. डबा खाताना ती म्हणाली, "माझ्या बहिणीच्या मुलाला रोज सकाळी अर्धा कप कॉफी देतात. आपल्याला तरतरी येते ना, या पोरांचं उलट असतं. शांत होतात. गोळीत तरी काय, त्याच जातीचं काहीतरी असतं म्हणे. काट्याने काटा काढायचा."

तीन आठवड्यांनी डॉक्टरबाईंना सांगायचं, बघा, गोळीशिवायच सुधारली. एवढंच तिच्या मनात होतं. बुधवारी पहिला कप दिला, अर्धा चमचा. शुक्रवारी भिंगरी शाळेतून पानभर सुवाच्य अक्षर घेऊन आली. त्या दिवशी आईला काचा तपासताना उगाचच गाणं सुचत होतं.

पण बाबांनी त्याच आठवड्यात लिहिलं, 'दुपारी फार किरकिर. जेवणाला हात लावला नाही. दोनदा रडली, कारण माहीत नाही.' पुढच्या सोमवारी मात्र त्यांनी लिहिलं, 'गृहपाठ! पस्तीस मिनिटं एका जागी!' दोन उद्गारचिन्हं. गाडी चालवणारा माणूस उद्गारचिन्हं सहसा वापरत नाही. आईला आनंद झाला आणि जरा पोटातही दुखलं. सकाळी कप देणारी मी, आणि गुण यांच्या पाळीत दिसतोय, असं तिला वाटलं. त्यानंतर पुन्हा घसरण सुरू झाली. रात्री झोप नाही, सकाळी डोळे तांबडे, शाळेतून फोन. "बाकावरून उठून खिडकीत बसली," बाई म्हणाल्या. "रागावले तर हात थरथरत होते हो तिचे." आईने तो फोन वहीत लिहिला. बाबांनी तो वाचला असणार, कारण खाली त्यांची बरोबरची खूण होती. आणि आज तिने पाऊण चमचा केला होता.

वहीत तिने लिहिलं, 'सकाळी बरी. एक बूट स्वतः घातला.' कॉफीचं लिहिलं नाही. आजवर कधीच लिहिलं नव्हतं.

बुधवारी सकाळी वेणी घालून घेताना भिंगरी म्हणाली, "आई, माझ्या छातीत कुणीतरी दोरीच्या उड्या मारतंय."

आईचे हात थांबले. तिने तळवा भिंगरीच्या छातीवर ठेवला. गणवेशाच्या कापडाखाली ठोके इतक्या घाईने चालले होते की तिने हात काढूनच घेतला. टेबलावर कप तसाच होता, भरलेला. तिने तो मोरीत ओतायला उचलला, पण तेवढ्यात भिंगरीने तो तिच्या हातातून घेऊन पिऊनही टाकला.

"बाबांना सांगायचं नाही," ती म्हणाली आणि जिन्याकडे पळाली.

त्या दिवशी आईच्या हातून एक ओरखडा असलेली काच चांगल्या खणात गेली. मुकादमाने ती आणून तिच्यासमोर ठेवली. तेरा वर्षांत असं झालं नव्हतं.

तिथे बसूनच तिने ठरवलं. काचांच्या कामात एक साधा नियम असतो. चष्म्यातून धूसर दिसतंय असं गिऱ्हाईक म्हणालं की बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि एकच काच काढून बघायची. धूसर गेलं तर दोष त्या काचेत, नाही गेलं तर ती काच निर्दोष. गुरुवारी तिने कपात कॉफीची फक्त नखभर पूड टाकली, दुधाचा रंगही धड बदलला नाही. भिंगरी म्हणाली, "आज गोड आहे." रात्री कामावरून आल्यावर आईने चपला न काढताच वही उघडली.

'आज कालपेक्षा वाईट. नखं कुरतडून बोट रक्ताळलं. छातीत उड्या म्हणते. डॉक्टरांना सांगायचं.'

तिने ते दोनदा वाचलं. मग तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याची लाजही वाटली. म्हणजे कॉफी नव्हे. काढून बघितली, धूसर तसंच आहे. दोष आजाराचा. शुक्रवारी पुन्हा पाऊण चमचा झाला, आणि शनिवारी, डॉक्टरबाईंसमोर पोरीने नीट बसावं म्हणून, भरून एक.

शनिवारी दोघांनी सुटी टाकली होती. वेळ पाचची होती. चार वाजता बाबा म्हणाले, "तू तयार हो. मी हिला जरा फिरवून आणतो, नाहीतर तिथे नाचेल." ते वीस मिनिटांत परत आले. भिंगरीचे गाल लाल झाले होते. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, तरी सवयीने ड्युटीची टोपी हातात होती. बसमध्ये ते ड्रायव्हरच्या पाठीमागे उभे राहिले आणि प्रत्येक थांब्याला त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला जात होता.

दवाखान्यात नर्सने भिंगरीच्या बोटाला चिमटा लावला, आकडा पाहिला, चिमटा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"जिना पळत चढलीस का गं?"

"नाही. लिफ्टने आलो."

नर्सने आकडा कागदावर लिहिला आणि तो कागद डॉक्टरबाईंच्या हातात नेऊन दिला, टेबलावर ठेवला नाही. वजनाच्या काट्यावर दीड किलो कमी भरलं.

डॉक्टरबाईंनी भिंगरीची छाती ऐकली, पाठ ऐकली, पुन्हा छाती ऐकली. मग वही उघडून बसल्या. खोलीत तीन खुर्च्या होत्या, वेताच्या, डॉक्टरबाईंच्या टेबलासमोर. भिंगरी मधल्या खुर्चीवर. भिंतीवर उंची मोजायचा जिराफ होता, खिडकीत वाऱ्यावर फिरणारं खेळणं होतं, कोपऱ्यात ठोकळ्यांची पेटी होती. मागच्या वेळी तिने पाच मिनिटांत तिन्ही उलथीपालथी केली होती.

"इतकी नेटकी नोंद मला कुणी आणून देत नाही," डॉक्टरबाई पानं उलटत म्हणाल्या. "म्हणूनच कोडं पडलंय. पहिला आठवडा नेहमीसारखा आहे. मग झोप कमी, भूक कमी, हात थरथरणं, ठोके. हे तिचं नेहमीचं नाही." त्यांनी चष्मा काढला. "आज गोळीचं ठरवायचं होतं आपण. पण या ठोक्यांवर मी कुठलीच गोळी देणार नाही. आधी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. चिठ्ठी देते. काही तपासण्या होतील, कदाचित एक रात्र ठेवून घेतील."

हृदय हा शब्द आईने भिंगरीच्या संदर्भात कधी ऐकला नव्हता.

"त्याआधी एक विचारते, सगळ्यांनाच विचारते. चहा, कॉफी, बाटलीतलं पेय, सर्दीचं औषध, असं काही पोटात जातंय का हिच्या?"

"नाही," बाबा म्हणाले. फार पटकन म्हणाले. टोपी त्यांनी दोन्ही हातांत धरली होती. बिचाऱ्यांना काय माहीत, आईच्या मनात आलं. बोलले तर या बाई काय म्हणतील, हे काय म्हणतील, असलंच काहीबाही डोक्यात चाललं होतं, आणि पोरीला तिकडे रात्रभर तारा लावून निजवतील हेही त्याच डोक्यात होतं.

डॉक्टरबाई पुढे झुकल्या.

"तू सांग गं. तू पितेस का कॉफी वगैरे?"

भिंगरीने बाबांकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. मग समोर.

"नाही," ती म्हणाली.

तेव्हा आईच्या लक्षात आलं की आल्यापासून ती हललेली नाही. दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले. दोन्ही पावलं खुर्चीच्या पायांना आतून अडकवलेली. मान ताठ, हनुवटी आत. फक्त गळ्याजवळची शीर उडत होती. शाळेच्या बाई वर्षभर जे मागत होत्या ते हेच. गोळी जे करील म्हणत होते ते हेच. आईला ते बघवेना.

"मी देते," ती म्हणाली. "कॉफी. सकाळी, शाळेच्या आधी. तुम्ही नको म्हणाला होतात तरी. गोळी नको म्हणून दिली." मग, न विचारताच, "पाऊण चमचा. आज एक."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं आता ते चिडतील, आणि चिडले तर बरंच होईल.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्या कागदावर काहीतरी लिहीत होत्या. "सकाळी सातला एक कप," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "आता साडेपाच झालेत. इतक्या उशिरापर्यंत एवढे ठोके एका कपाने..."

"अजून एक आहे," बाबा म्हणाले.

टोपी त्यांच्या हातांतून खाली पडली. त्यांनी ती उचलली नाही.

"दुपारी, शाळेतून आणताना. डेपोच्या कँटीनमध्ये. आमचा कंडक्टर म्हणाला की या मुलांना... म्हणजे गोळीपेक्षा बरं. सुरुवातीला गृहपाठ झाला हो छान. मग होईना, तर मोठा ग्लास द्यायला लागलो." ते थांबले. "आज चारलाही दिली. येण्याआधी."

"तुम्ही?" आई म्हणाली.

"आणि तू?" बाबा म्हणाले.

कुणाचाच आवाज चढला नाही. डॉक्टरबाईंनी वही मिटली आणि तिच्यावर हात ठेवला.

"सकाळच्या कॉफीचा त्रास दुपारी यांनी लिहिला," त्या म्हणाल्या. "दुपारच्या कॉफीचा त्रास सकाळी तुम्ही लिहिलात. वाचून दोघांनीही वाढवली. आजपासून दोन्ही बंद. दोन-तीन दिवस डोकं दुखेल, कुरकुर करेल, करू द्या. सोमवारी पुन्हा ठोके बघू, चिठ्ठी तोवर माझ्याकडेच राहू दे. गोळीचं नंतर. गोळीला इतकं घाबरायचं कारण नाही, पण घाबरलात तर मला सांगा. हिच्याकडून लपवून घेऊ नका."

आईने मान खाली घातली. लपवून घेऊ नका. रोज सकाळी ती या पोरीला शहाणी म्हणत होती, आणि दुपारी तेही म्हणत असणार, त्याच शब्दात, त्याच कारणाने. या पोरीला एक बाटली शाळेतून घरी आणायची आठवण राहत नाही, असं ती गावभर सांगत फिरली होती.

"मी नाही सांगितलं हं," भिंगरी एकदम म्हणाली. तिचा आवाज घाबरा होता. आधी ती बाबांकडे वळून म्हणाली, मग आईकडे. "तुझंही नाही, बाबांचंही नाही. तुम्हीच सांगितलंत."

"हो गं. आम्हीच सांगितलं."

"आईचे चौदा दिवस. बाबांचे अकरा." तिने गिळलं. "एकदासुद्धा नाही चुकले."

डॉक्टरबाई लिहायच्या थांबल्या. बाबा खिडकीकडे बघू लागले आणि तिकडेच बघत राहिले. आई उठून भिंगरीच्या खुर्चीसमोर उकिडवी बसली आणि तिच्या मांड्यांखालून एकेक हात बाहेर काढला. दोन्ही हातांच्या पाठीवर वेताची जाळी खोल उमटली होती, लाल, जागच्या जागी.

"आई," भिंगरीने अगदी हळू विचारलं, "आता हलू का?"